रुगर जीपी100 : मुलांसाठी ठेवायचं रिव्हॉल्व्हर, आठ महिन्यांच्या वापरानंतर

अमेरिकेत मुलासाठी किंवा मुलीसाठी एखादं चांगलं हत्यार घेऊन बाजूला ठेवायची आणि पुढे एकविसाव्या वर्षी त्यांच्या हाती द्यायची पद्धत बऱ्याच घरांत आहे. आज पाच वर्षांची असलेली मुलगी तेव्हा डावरी निघेल की उजवी, तिचा हात केवढा असेल, तिला धक्का किती सोसेल, यातलं काहीच आज ठाऊक नसतं. शिवाय मधली पंधरा-सोळा वर्षं हत्यार बहुतेक कपाटातच असणार. या दोन गोष्टी धरून निवड केली की दुकानात हातात घेतल्यावर भुरळ घालणारी निम्मी पिस्तुलं आपोआप गळतात.

हा अनुभव रुगर जीपी100 चा. स्टेनलेस स्टील, 4.2 इंची नळी, सहा गोळ्या, .357 मॅग्नम काडतूस (त्यात सौम्य .38 स्पेशलही चालतं). दर पंधरवड्याला 50 फैरी, म्हणजे आठ महिन्यांत आठशेच्या आसपास. त्यातल्या तीन चतुर्थांश .38 स्पेशल, बाकी .357. फुसका बार एकही नाही.

पिस्तुलापेक्षा रिव्हॉल्व्हर बरं, याचं मुख्य कारण मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची सुटी पेटी. पिस्तुलाचा भरवसा मॅगझिनच्या ओठांवर (गोळी धरणाऱ्या वरच्या कडांवर) आणि स्प्रिंगवर असतो. ते हरवतं, चेपतं, आणि मॉडेल बंद पडलं की नवं मिळवणं अवघड होतं. रिव्हॉल्व्हरला वेगळं सांभाळायचं काही नाही. कोल्टचं जुनं पायथन (1955 ते 2005) दिसायला देखणं आणि चापाला मऊ, यात वाद नाही. पण त्याचं टायमिंग, म्हणजे घोडा चढताना पुढची गोळी वेळेत नळीसमोर येणं, बिघडलं तर ते जुळवणारा जाणता कारागीर शोधावा लागतो. जीपी100 1985 पासून आजवर बनतंय. जाड फ्रेम, बाजूला उघडणारी झाकणपट्टी नाही, आणि सिलिंडरची (गोळ्या असलेल्या फिरत्या चाकाची) यंत्रणा पुढे, मागे आणि खाली अशी तीन जागी अडकते. वजन 1.1 किलोच्या आसपास. कमरेला लावून फिरायला जड. ठेवायच्या वस्तूला हे वजन चालतं, उलट .357 चा धक्का त्याने बराच मरतो.

सर्वात आवडलेली गोष्ट मुठीची. इथे फ्रेमचा मागचा भाग पूर्ण मुठीच्या आकाराचा नाही, एक अरुंद खुंटी आहे. तिच्यावर लहान, मोठी, लाकडी, रबरी अशी कोणतीही मूठ चढते. म्हणजे हाताचं माप आज ठरवायची गरजच नाही. सुरुवात .38 ने करता येते: 158 ग्रेनची (सुमारे 10 ग्रॅमची) गोळी सेकंदाला सुमारे 240 मीटर, धक्का सौम्य. त्याच वजनाची .357 गोळी 380 मीटरच्या आसपास जाते. डावऱ्या हाताला सिलिंडर डावीकडे उघडण्याची सवय करावी लागते, पण तापलेली रिकामी पुंगळी तोंडावर उडण्याचा प्रश्न नाही.

खोलणं सोपं आहे. सिलिंडरमधली गोळ्यांची सहाही घरं रिकामी आहेत हे डोळ्यांनी आणि बोटाने पाहा. मुठीखालचा स्क्रू काढून मूठ खाली ओढा. घोडा चढवा, स्प्रिंगच्या दांडीच्या खालच्या टोकाला छोटं छिद्र दिसेल, त्यात पिन घाला (कागदाला लावायची जाड क्लिप सरळ करूनही चालते), मग चाप दाबून घोडा अंगठ्याने हळूच सोडा. मुख्य स्प्रिंग दांडीसकट मोकळी होते. घोड्याची खीळ ढकलून काढा, चाप दाबून घोडा वर उचला. मागच्या बाजूचा खटका दाबला की चापाचा सगळा संच खाली निघतो आणि सिलिंडर पुढे सरकतं. पिन घालायची राहिली तर स्प्रिंग उडते, त्यामुळे चष्मा लावूनच बसावं.

अडचणी दोनच येतात आणि दोन्ही काजळीच्या. .38 ची पुंगळी .357 पेक्षा सुमारे साडेतीन मिलिमीटर आखूड. त्यामुळे .38 खूप झाडल्या की घरात पुढे काजळीचं कडं जमतं आणि नंतर .357 चं काडतूस शेवटपर्यंत बसत नाही, किंवा झाडल्यावर पुंगळी अडकते. दर दोनशे फैरींनी पितळी ब्रश प्रत्येक घरात दहा-बारा वेळा फिरवा. दुसरी अडचण एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या) चांदणीखाली न जळलेले दारूचे कण शिरण्याची. दोन-चार कणही सिलिंडर जड करतात आणि चाप बिघडल्यासारखा वाटतो. पुंगळ्या काढताना नळीचं तोंड आकाशाकडे ठेवून एक्स्ट्रॅक्टरची दांडी एकदाच जोरात मारली की कण खाली पडून जातात. नळी जमिनीकडे ठेवून हळूहळू ढकललं तर ते नेमके चांदणीखाली जातात.

चाप जड आहे. म्हणून बरेच जण मूळ 14 पौंडी स्प्रिंग काढून 10 पौंडी घालतात. ठेवायच्या हत्यारात हे करू नये. हलकी स्प्रिंग कठीण प्रायमरवर (काडतुसाच्या बुडाशी ठिणगी देणाऱ्या टोपीवर) फुसके बार देते, आणि वीस वर्षांनी मुलीला कोणत्या कंपनीची काडतुसं मिळतील ते कोणी सांगावं? चाप वापरानेच मऊ होतो. पाचशेव्या फैरीनंतर फरक स्पष्ट जाणवतो.

टायमिंगची तपासणी वर्षातून एकदा: रिकामं सिलिंडर बोटाने किंचित अडवत घोडा सावकाश चढवा. घोडा पूर्ण चढायच्या आत सिलिंडर अडकल्याचा खट् आवाज सहाही घरांवर यायला हवा.

स्टेनलेस गंजत नाही हा गैरसमज आहे. उशिरा गंजतं इतकंच. बंदुकीबरोबर येणाऱ्या स्पंजच्या पेटीत ते वर्षानुवर्षं ठेवू नका, स्पंज ओल धरतो. चामड्याची म्यान त्याहून वाईट, कातडी कमावतानाची आम्लं धातूला लागतात. रबरी मूठ काढून वेगळी ठेवावी, तिच्याखाली घाम साचतो. डब्ल्यूडी-40 वर्षानुवर्षांच्या साठवणीसाठी नको, सुकून चिकट थर धरतं. साफ करून बंदुकीच्या तेलाचा पातळ हात, वर गंजरोधक पिशवी, कपाटात सिलिका जेल आणि आर्द्रतामापक. आकडा 50 टक्क्यांच्या खाली राहिला पाहिजे. स्प्रिंग नुसती ठेवून थकत नाही, तिची काळजी सोडा. काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या मुलांच्या हाताबाहेर. हे वाढदिवसाच्या भेटीसारखं मुलांच्या खोलीत ठेवायचं प्रकरण नव्हे.

कायद्याचं थोडं. खरेदी पालकाच्याच नावावर होते. दुकानात बंदूक घेताना भरायच्या संघीय 4473 फॉर्मवर खरेदीदार म्हणून तुम्हीच. पुढे खरोखरची भेट म्हणून देणं चालतं. परवानाधारक विक्रेता 21 च्या आतल्याला हँडगन विकत नाही, आणि 18 च्या आतल्याने ती बाळगायला संघीय कायद्याची बंदी आहे. नेमबाजीच्या सरावाला पालकांची लेखी परवानगी जवळ असेल तर सूट मिळते, मात्र राज्याचा नियम कडक असू शकतो. न्यू जर्सीत, जिथे मराठी घरं भरपूर आहेत, प्रत्येक हँडगनला वेगळं परमिट लागतं. मूल दुसऱ्या राज्यात राहत असेल तर हयातीतलं हस्तांतर परवानाधारक विक्रेत्यामार्फतच. एच-1बी वर असलेल्यांनी या फंदात पडूच नये, त्यांना बंदूक बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. ग्रीन कार्ड आल्यावर पाहावं. आणि पुढेमागे भारतात परतायचा विचार असेल तर हे रिव्हॉल्व्हर सोबत नेता येईल असं धरून चालू नका. तिथले परवान्याचे नियम वेगळे आहेत.

पेटीत पावती, सिरियल क्रमांक, पुस्तिका आणि एक कागद ठेवा: एकूण किती फैरी झाडल्या, शेवटची सफाई कधी, कोणत्या काडतुसावर साइट जुळवली. आमच्या कागदावर आज 158 ग्रेन .38, 15 यार्ड असं लिहिलंय.