'५०७० सुपर'साठी थांबावं, की ९०७० एक्सटी घेऊन मोकळं व्हावं?

१४४०पी रिझोल्यूशनचा मॉनिटर घेऊन झालाय आणि गेमिंगचा पीसी ग्राफिक्स कार्डावाचून अडलाय, अशा माणसापुढे दोन रस्ते आहेत. एनव्हिडियाच्या ५०७०चं १८ जीबी मेमरीचं '५०७० सुपर' येणार अशी जी अफवा आहे त्याची वाट बघायची, किंवा दुकानात मिळतंय ते एएमडीचं आरएक्स ९०७० एक्सटी उचलायचं. मी दुसरा धरला. थांबणारे वेडे आहेत असं मात्र मी म्हणणार नाही.

कारण या अफवेला बूड आहे. ५०७०ची मेमरी बस, म्हणजे मेमरीपर्यंतचा रस्ता, १९२ बिटची, म्हणजे ३२-३२ बिटच्या सहा मेमरी चिप. त्या २ जीबीच्या असल्या की होतात १२ जीबी, आणि तिथेच सगळे नाक मुरडतात. ३ जीबीच्या लावल्या की बसला हात न लावता १८. लॅपटॉपच्या ५०९०मधले २४ जीबी अशाच आठ चिपांचे आहेत, तेव्हा १८ जीबीचं ५०७० बनवणं एनव्हिडियाला जड नाही. जड आहे ती किंमत. २०२५ संपता संपता एआयच्या डेटा सेंटरांपायी मेमरीचे भाव असे चढले की वाढीव मेमरी ५०७०च्या २०२५मधल्या जाहीर ५४९ डॉलरच्या आसपास मिळेल, हे मला तरी पटत नाही.

पण माझं घोडं अडलं ते नावापाशी. 'सुपर' म्हटलं की हातात काय पडणार? जानेवारी २०२४मध्ये ४०च्या पिढीत तीन सुपर आली. ४०७० सुपरचे कोअर (हिशेब करणारे भाग) वाढले, मेमरी १२ जीबीच राहिली. ४०७० टीआय सुपरला ग्राफिक्सची मुख्य चिपच मोठी मिळाली आणि मेमरी १२ची १६ झाली. ४०८० सुपरचा वेग जवळजवळ होता तिथेच, किंमत तेवढी ११९९वरून ९९९ डॉलरवर उतरली. त्याआधीच्या ३०च्या पिढीत तर डेस्कटॉपला सुपर आलंच नव्हतं. आणि २०२२चं ते '४०८० १२ जीबी' आठवतंय ना? १६ जीबीच्या ४०८०हून चिपच वेगळी, नाव तेच. लोकांनी बोंब मारल्यावर कंपनीने ते मागे घेतलं, आणि जानेवारी २०२३मध्ये तेच ४०७० टीआय म्हणून बाजारात आलं. रीतसर जाहीर झालेल्या कार्डाची ही गत, मग नुसत्या चर्चेतल्या नावासाठी पीसी किती दिवस उघडा ठेवायचा?

दुकानात हा घोळ आणखी वाढतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानदाराने मला व्हॉट्सअ‍ॅपवर कोटेशन पाठवलं: '५०७० १६जीबी ओसी, १ नग'. असं कार्डच नाही. १६ जीबी असतात ५०७० टीआयला, आणि भाव तर साध्या ५०७०चा लावलेला. फोन केला तर म्हणाला, "साहेब, तेच ते, सिरीज एकच आहे." शेवटी उलगडा झाला की खालच्या ओळीतल्या रॅमचा आकडा वर चढला होता. त्याने मुद्दाम केलं असेल असं वाटत नाही. पण उद्या याच काउंटरवर ५०७० सुपर आणि ५०७० टीआय सुपरही आली, तर प्रत्येक कोटेशनमागे असाच एक फोन आला.

एएमडीही काही धुतल्या तांदळाची नाही. डेस्कटॉपला ८०००चा आकडा गाळून थेट ९०००, आणि त्यात '७०' घातले ते समोरच्याच्या ५०७०शेजारी शोभावं म्हणून. ७९०० जीआरईतलं 'जीआरई' म्हणजे 'गोल्डन रॅबिट एडिशन', २०२३च्या चिनी सशाच्या वर्षावरून आलेलं. ससा गेला, तरी २०२५ला चीनमध्ये ९०७० जीआरई आलंच, तेही १२ जीबीचं! आपल्याकडे मात्र ९०७० आणि ९०७० एक्सटी दोन्ही १६ जीबीची, त्यामुळे कोणी 'एक्सटी' लिहायला विसरला तरी निदान मेमरीत गंडायला होत नाही.

वापराचं म्हणाल तर माझे सगळे गेम १४४०पीला आरामात चालतात. जुन्या एसएमपीएसच्या (पीसीच्या पॉवर सप्लायच्या) ८ पिनच्या केबलींवर भागलं. ३०४ वॅटचं कार्ड आहे, एप्रिल-मेच्या दुपारी खोली तापते आणि पंख्यांचा आवाज जाणवतो. लहान चित्र मोठं करून गेमचा वेग वाढवणारं एएमडीचं एफएसआर ४ माझ्या डोळ्यांना छान दिसतं, पण एनव्हिडियाचं तसंच डीएलएसएस जास्त गेममध्ये मिळतं, आणि पाथ ट्रेसिंगचा (प्रकाशाचे किरण खऱ्यासारखे दाखवण्याचा) नाद असेल तर एनव्हिडियाच पुढे आहे.

ब्लेंडरवर (थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर) किंवा कुडावर (एनव्हिडियाच्या कार्डांवरच चालणारी प्रोग्रॅमिंगची व्यवस्था) पोट असेल तर माझं फार मनावर घेऊ नका. पण तेव्हाही मी सुपरसाठी न थांबता ५०७० टीआयच बघेन. १६ जीबी त्यात आजच आहेत. १०८०पीवाल्यांना यातलं काहीच नको, ९०६० एक्सटी पुष्कळ झालं. फक्त ते ८ आणि १६ जीबीत एकाच नावाने येतं, तेव्हा बिलावर '१६ जीबी' लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.