मोठ्या गाडीसाठी रस्ता: फोनचा नकाशा, ट्रकचं अ‍ॅप की समोरच्या गावचा माणूस?

मागच्या पावसाळ्यात आमची दहा टायरची गाडी सरकी पेंड घेऊन परभणी जिल्ह्यातल्या एका गावी निघाली होती. फोनने फाट्यावरून आत वळायला सांगितलं, नऊ किलोमीटर वाचत होते. चार किलोमीटर आत गेल्यावर रेल्वेचा भुयारी मार्ग आला आणि पोत्यांची थप्पी त्याखालून जाईना. वळायला जागा नव्हती. क्लीनर बॅटरी घेऊन मागे चालतोय आणि ड्रायव्हर अंधारात रिव्हर्स घेतोय, असं दीड तास चाललं. शेवटी मागचं चाक डांबर सोडून साईडपट्टीवर उतरलं. आपली काळी माती ओली झाली की वजन धरत नाही. सकाळी अर्धा माल उतरवून ट्रॅक्टरने गाडी ओढली. ड्रायव्हरची यात काहीही चूक नव्हती. तो काय चालवतोय हेच फोनला माहीत नव्हतं.

फोनमधल्या नेहमीच्या नकाशात कारचा पर्याय असतो, मोटरसायकलचा असतो, ट्रकचा नसतो. म्हणजे तुमच्या गाडीचा हिशोब तो कार समजून करतो. ग्रामसडक योजनेचा डांबरी रस्ता साधारण 3.75 मीटर रुंद असतो आणि ट्रकला कायद्याने 2.6 मीटरपर्यंत रुंदी चालते. समोरून दुसरी मोठी गाडी आली की एकाला डांबर सोडावंच लागतं. कारवाल्याला हे जाणवतसुद्धा नाही. त्यात नकाशातली ‘टोल टाळा’ ही खूण चालू असेल, तर हायवे सोडून गावागावांतून नेणारा रस्ता हमखास समोर येतो. टोलचे पैसे वाचवायला ही खूण आपण मालकच करायला सांगतो. ती आजच काढायला लावा.

संभाजीनगर-चाळीसगाव रस्त्यावरच्या, कन्नडच्या औट्रम घाटाचंच बघा. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 2023 मध्ये तिथून जड वाहनांना बंदी केली. मोठ्या गाड्यांना देवगाव रंगारी, शिऊर बंगला, नांदगाव असा वळसा घालून चाळीसगाव गाठावं लागतं. कारला मात्र घाट खुला, त्यामुळे कारचा हिशोब करणारा नकाशा घाटच दाखवणार.

तरीही फोनचा नकाशा टाकाऊ नाही. फुकट आहे, मराठीत बोलतो, हायवेवर पुढे गाड्या तुंबल्यात हे आधी सांगतो. उपग्रहाच्या चित्रात शेवटचे चार-पाच किलोमीटर आधीच पाहून ठेवता येतात. फक्त गावाचं नाव टाकून शोधू नका. पिंपळगाव आणि वडगाव प्रत्येक तालुक्यात आहेत. माल उतरवून घेणाऱ्याकडूनच व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशन मागवा.

ट्रकसाठीच्या अ‍ॅपमध्ये गाडीची उंची, लांबी, वजन भरता येतं, आणि त्यात न बसणारा रस्ता ते टाळतं. कंटेनरवाल्याला हे फार मोलाचं आहे, कारण साध्या ट्रकला 4 मीटर उंचीची मर्यादा असली तरी कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरला 4.52 मीटरपर्यंत परवानगी आहे. तेवढी उंची सगळ्याच पुलांखालून जात नाही. अडचण एवढीच, की नकाशात जी माहिती कुणी भरली आहे तेवढीच अ‍ॅपला कळते. आपल्याकडच्या नळकांडी पुलावर किती वजन चालेल, भुयारी मार्ग किती उंच आहे, हे नोंदलेलंच नसेल तर पैसे भरूनही तुम्ही कारच्याच रस्त्यावर.

आणि गाडीला बसवलेलं ट्रॅकिंगचं यंत्र म्हणजे नेव्हिगेशन नव्हे. गाडी कुठे आहे हे ते मालकाला दाखवतं, ड्रायव्हरला रस्ता दाखवत नाही. ‘गाडीला जीपीएस आहे’ म्हणून निर्धास्त बसलेले बरेच मालक भेटतात.

मी सगळ्यात जास्त विसंबतो ते माल घेणाऱ्या माणसावर. पण त्याला विचारायचं कसं, यावर सगळं आहे. ‘रस्ता चांगला आहे का?’ असं विचारलं तर तो हो म्हणणार, त्याची मोटरसायकल रोज जाते. विचारायचं ते असं: शेवटची भरलेली दहा टायर गाडी तुमच्याकडे कधी आली आणि कोणत्या फाट्याने? वाटेत रेल्वेचं भुयार, कमान, खाली लोंबणारी वीजतार आहे का? गाडी फिरवायला जागा कुठे? एसटी येते, एवढ्यावर भागत नाही. रुंदीपुरता तो पुरावा ठीक आहे, पण दहा टायर गाडी मालासह 28.5 टनांपर्यंत जाते, एसटी त्याहून खूपच हलकी. उसाच्या भरलेल्या ट्रॉल्या जातात का, हा प्रश्न जास्त कामाचा. जात असतील तर पूल वजन सोसतो असं मी धरतो.

पावसाळ्यात तर या माणसाला पर्यायच नाही. सप्टेंबर 2025 च्या पुरात बीड, धाराशिव, लातूरकडे कितीतरी पूल पाण्याखाली गेले. सकाळी उघडा असलेला पूल संध्याकाळी बुडालाय, हे काठावरच्या माणसालाच दिसतं. उणिवा दोनच: रात्री दोनला तो फोन उचलत नाही, आणि बाहेरच्या राज्यातल्या ड्रायव्हरला त्याची भाषा कळत नाही. म्हणून विचारपूस निघण्याआधी मालकाने करावी आणि फाट्यांची नावं ड्रायव्हरला आवाजी निरोपात पाठवावीत.

गाडी सहा किंवा दहा टायरची आणि भाडी मराठवाड्यातलीच असतील, तर अ‍ॅपवर पैसे घालू नका. हायवेला फोन, फाट्यापासून पुढे माणूस. कंटेनर, ट्रेलर असेल आणि मुंबई, हैदराबाद, गुजरातची लाइन असेल, तर अ‍ॅप घ्या. पण वर्षाचे पैसे भरण्याआधी महिनाभर वापरून बघा. संभाजीनगर ते चाळीसगाव टाका, गाडीचं खरं वजन भरा. औट्रम घाटातून नेत असेल, तर पैसे भरू नका.

कोणतंही निवडलंत तरी ड्रायव्हरला एक गोष्ट स्पष्ट सांगा: शंका आली की फाट्यावरच थांब आणि मला उठव, कितीही वाजलेले असोत. जास्तीच्या किलोमीटरबद्दल आपण बोलू या भीतीनेच तो आत वळतो. आमच्याकडे त्या रात्रीनंतर डिझेलचा हिशोब वाचलेल्या किलोमीटरवर होत नाही.