‘वेदरिंग विथ यू’: एक अख्खा पावसाळा वापरून झाल्यावर

शेवटासकट सगळं सांगणार आहे. ज्यांनी अजून पाहिला नसेल त्यांनी इथूनच मागे फिरावं.

मे अखेरीला ‘वेदरिंग विथ यू’ या जपानी अ‍ॅनिमेशनपटाची ब्लू-रे डिस्क घरात आली आणि दिवाळीच्या आवराआवरीत ती कपाटात गेली. मधल्या महिन्यांत हा चित्रपट आमच्याकडे खरोखर वापरला गेला. कधी सलग पाहिला, कधी जेवताना अर्धाच, तर कधी शनिवारी दुपारी फक्त आतषबाजीचा तुकडा लावला. एकदा पाहून दिलेलं मत आणि घरात मुरलेल्या चित्रपटाबद्दलचं मत यांत फरक असतो, म्हणून हे सविस्तर लिहितेय. थोडक्यात सांगायचं तर गोष्ट दर वेळी जरा जास्त खटकते, आणि तरीही डिस्क पुन्हा लावावीशी वाटते.

गोष्ट अशी. होदाका हा सोळा वर्षांचा मुलगा बेटावरचं घर सोडून बोटीने टोकियोला पळून येतो. तिथे पावसाने ठाण मांडलंय. पैसे संपतात, काम मिळत नाही, रात्री मॅकडोनाल्ड्समध्ये सूपच्या एका कपावर काढायच्या. तिथे काम करणारी हिना त्याला न मागता बर्गर आणून देते. या मुलीकडे एक शक्ती आहे: तिने हात जोडले की तेवढ्या जागेपुरतं आभाळ फाकतं आणि ऊन पडतं. मग दोघं आणि हिनाचा धाकटा भाऊ नागी मिळून ऊन विकायचा धंदा काढतात. दर ३,४०० येन. पावसाला पैशाचं आमिष दाखवणारं गाणं म्हणत वाढलेल्या आपल्यासारख्यांना, पाऊस घालवायला पैसे मोजणारी गिऱ्हाइकं बघताना आधी हसूच येतं. पुढे कळतं की प्रत्येक उन्हाची किंमत हिनाचं शरीर चुकवतंय. ती हळूहळू पाण्यासारखी पारदर्शक होत चाललीय, आणि ती गेली तरच टोकियोचा पाऊस थांबेल.

आता पावसाबद्दल, कारण डिस्क घेतली ती त्यासाठीच. दिग्दर्शक माकोतो शिनकाईने त्याच्या २०१३च्या ‘द गार्डन ऑफ वर्ड्स’मध्येही पाऊस काढला होता, पण तो एका बागेतला, संयमी पाऊस. इथे पावसाला शहरभर मोकळं सोडलंय. डांबरावर आपटून फुटणारा थेंब वेगळा, पारदर्शक छत्रीवरून ओघळणारा वेगळा, रेल्वेच्या काचेवर वाऱ्याने तिरका पळणारा वेगळा. कला दिग्दर्शक हिरोशी ताकिगुची दोन्ही चित्रपटांना सामाईक आहे आणि ते कळतं. पहिल्यांदा पाहताना डोळे माणसांवर असतात. नंतर नंतर मी मागची भिंत बघायला लागले: टोकियोतल्या शिंजुकू भागातल्या गल्लीतल्या पाट्यांचा गुलाबी-हिरवा उजेड डबक्यात कसा थरथरतो, गंजलेल्या जिन्याच्या कठड्यावर पाणी कुठे साचतं. ओल इतकी खरी आहे की आमच्या आईने एकदा सवयीने उठून खिडकी तपासली.

ऊन पडतं तो क्षण त्याहून भारी. शिनकाई पाऊस बंद करून नुसता पिवळा रंग भरत नाही. ढगाला भोक पडतं, उजेडाची कड एका इमारतीवरून दुसऱ्या इमारतीवर सरकत येते, ओल्या पत्र्यावरून वाफ निघते आणि हवेतले थेंब क्षणभर वर जातात. ढगांचंही तसंच. वादळी ढगाचा ऐरणीसारखा सपाट माथा, आणि त्या माथ्यावर हिरवळ उगवलेली. कल्पना परीकथेतली असली तरी ढग पुस्तकातले आहेत. केंतारो अराकी हे ढगांचा अभ्यास करणारे हवामानशास्त्रज्ञ चित्रपटाचे सल्लागार होते, म्हणूनच बहुधा आभाळ कुठेही खोटं वाटत नाही. जिंगू गाइएनच्या आतषबाजीत कॅमेरा फुटणाऱ्या दारूकामाच्या मधून फिरतो. तेवढ्या एका दृश्यासाठी मोठा टीव्ही हवा. फोनवर ते नुसतं रंगीत होतं.

गोष्टीकडे वळले की मात्र कुरकुर सुरू होते. सगळ्यात मोठी खोट म्हणजे पिस्तूल. होदाकाला कचऱ्यात पिस्तूल सापडतं. जपानसारख्या देशात, जिथे सामान्य माणसाच्या हाती हातबंदूकही येत नाही, तिथे नायकाच्या हाताला आयतंच पिस्तूल लागतं, कारण लेखकाला पुढे पोलीस हवे आहेत. ते एकदा उडतं, टाकून दिलं जातं आणि नेमकं शेवटच्या पळापळीत पुन्हा हाती येतं. मी त्यात अर्थ शोधून पाहिला. पोराची असहायता, मोठ्यांच्या जगाची हिंसा वगैरे. अर्थ काढता येतो, पण पिस्तूल गोष्टीत काही रुजत नाही. त्याच्या मागून येणारे दोन पोलीस, त्यातल्या एकाचा तो पुढे काढलेला केसांचा फुगा, स्कूटरवरचा पाठलाग, हे सगळं दुसऱ्या कुठल्या तरी हलक्याफुलक्या मालिकेतून उचलून आणल्यासारखं दिसतं. पाऊस थांबवू शकणारी मुलगी हाताशी असताना तणाव वाढवायला बंदूक का लागावी?

होदाका घरातून का पळाला तेही नीट कळत नाही. चेहऱ्यावर चिकटपट्ट्या आहेत, बेटावर गुदमरल्यासारखं व्हायचं एवढं तो सांगतो आणि विषय संपतो. काहींच्या मते हे मुद्दाम मोकळं ठेवलंय. असेल. पण ज्या मुलाच्या हट्टासाठी पुढे एक शहर बुडणार आहे, त्याच्याबद्दल मला थोडं जास्त माहीत असायला हवं होतं.

हिनाच्या बाबतीत उलटं झालंय. ती काय करते ते सगळं दिसतं, तिला काय हवंय ते फार उशिरा. पण तिच्या स्वयंपाकघरातलं दृश्य मला चित्रपटात सगळ्यात जास्त आवडतं. तिच्याकडे पैसे नाहीत. भाज्यांचे उरलेले बुडखे तिने पाण्यात ठेवून पुन्हा फुटवलेत, त्यातलेच कोंब कात्रीने कापून ती ताटलीत टाकते आणि बटाट्याचे वेफर्स चुरून परतलेल्या भातावर घालते. आई गेल्यावर दोन मुलं एकट्याने कशी राहत असतील ते त्या दोन मिनिटांत कळतं, एकही संवाद न लागता. माझ्या भाचीने तो भात करून पाहिला. वेफर्स शेवटच्या क्षणी घाला, नाहीतर लगदा होतो.

आईचा आक्षेप दुसराच. “एवढ्याशा पोरांना कामाला जुंपलंय आणि घरात एक मोठं माणूस नाही,” हे ती दर वेळी म्हणते. होदाकाला आसरा देणारा सुगा हा तिच्या मते आळशी आणि बेजबाबदार. ते खरंच आहे. महिना ३,००० येनवर पोराला राबवून घेतो आणि पोलीस दारात आले की त्याच्या हातात पैसे ठेवून त्याला जायला सांगतो. पण माणूस म्हणून तोच जास्त खरा उतरलाय. बायको गेलेली, मुलगी सासूकडे, आणि दम्याने आजारी असलेल्या त्या मुलीला भेटायचं तर ऊन हवं. एका माणसाच्या बदल्यात पाऊस थांबणार असेल तर सगळे खूशच होतील, असं तो बोलून जातो. पुढे त्याच्याच डोळ्यांतून नकळत पाणी येतं. तिथे शिनकाईने काहीही समजावून सांगितलेलं नाही आणि तिथेच तो जिंकतो. सुगाची पुतणी नात्सुमी मात्र वाया गेलीय. कॅमेरा तिच्याकडे ज्या नजरेने बघतो ती नजर २०१९ सालीही जुनीच होती.

संगीत रॅडविम्प्स या जपानी रॉक बँडचं. पाच गाणी आहेत, पैकी ‘ग्रँड एस्केप’ अजून अंगावर काटा आणतं, विशेषतः तोको मिउराचा आवाज आभाळात पडतानाच्या दृश्यावर येतो तेव्हा. बाकीची काही गाणी प्रेक्षकाला आता काय वाटून घ्यायचं ते आधीच सांगतात. ऊन विकण्याच्या धंद्याचा गाण्यावर जुळवलेला भाग तर जाहिरातीसारखा चालतो, आणि या चित्रपटात खऱ्या कंपन्यांची नावं एवढी दिसतात की ती शंका अगदीच गैर नाही. एक मान्य करायला हवं: खऱ्या टोकियोत पाट्या अशाच असतात, आणि त्या पुसल्या असत्या तर शहर खोटं झालं असतं. ज्या पडीक इमारतीच्या गच्चीवर हिनाचं छोटं देऊळ आहे ती योयोगी काइकानही खरी होती. चित्रपट लागला त्याच उन्हाळ्यात ती पाडायला घेतली. म्हणजे आता ती याच चित्रांत उरलीय.

आपल्याकडे तो कसा आला तेही सांगायला हवं. जपानमध्ये तो १९ जुलै २०१९ला लागला. भारतात दाखवा म्हणून इथल्या चाहत्यांनी ऑनलाइन अर्ज केला, पन्नास हजारांवर सह्या जमल्या आणि ११ ऑक्टोबर २०१९ला तो चित्रपटगृहांत आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोल्हापूर आणि सांगली पाण्याखाली होतं. इकडे चित्रपट लागला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १२ ऑक्टोबरला, हागिबिस हे टायफून जपानच्या किनाऱ्यावर आदळलं. अशा वर्षी एक मुलगा “आभाळ बिघडलं तर बिघडू दे, मला तू हवीस” म्हणतो तेव्हा कित्येकांचा पारा चढला तो उगाच नाही. शिनकाईला त्याची पुरती कल्पना होती. ‘युअर नेम’ या त्याच्या आधीच्या चित्रपटावर टीका झाल्यावर ती करणाऱ्यांना आणखी चिडवणारा चित्रपट करायचा असं त्याने ठरवलं होतं, हे त्यानेच पुढे सांगितलंय. निर्मात्यांना घाम फुटला असेल. पण तिकिटं धडाक्यात खपली आणि जपानने ऑस्करसाठीही हाच पाठवला.

तर शेवट. होदाका हिनाला आभाळातून परत आणतो आणि पाऊस पुन्हा सुरू होतो, तो तीन वर्षं थांबत नाही. टोकियोचा सखल भाग समुद्रात जातो. इतर कुठल्याही चित्रपटात मुलीचा त्याग झाला असता, नाहीतर आयत्या वेळी तिसरी वाट निघाली असती. इथे निघत नाही. शहर बुडतं ते बुडतंच, आणि लोक बोटींनी कामाला जातात.

मुंबईत राहणाऱ्याला हा भाग वेगळा लागतो. फुमी ताचिबाना नावाची एक आजी आहे. ‘युअर नेम’ पाहिलेल्यांसाठी: ती ताकीची आजी, आणि तोही क्षणभर दिसतो. नवऱ्याच्या पहिल्या ओबोनला, म्हणजे पितर घरी येतात त्या दिवसांत, आभाळ मोकळं असावं म्हणून तिने हिनाला बोलावलेलं असतं. आता तिचं जुनं घर पाण्याखाली गेलंय आणि ती एका उंच इमारतीत राहते. होदाका माफी मागतो तर ती शांतपणे सांगते की हा भाग पूर्वी समुद्रच होता, माणसांनी आणि हवामानाने मिळून तो बदलला, तेव्हा आता परत मूळपदावर आलंय म्हणायचं. सात बेटांमधली खाडी बुजवून उभ्या राहिलेल्या शहरात बसून हे ऐकताना पोटात गोळा येतो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या दिवशी पाणी कुठून कुठे गेलं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना आजीचं बोलणं तत्त्वज्ञान वाटत नाही, नकाशा वाटतो. त्याआधी एका देवळातला म्हातारा पुजारी असंच काही सांगतो: हवामानाच्या नोंदी शंभर-एक वर्षांच्या, आणि भिंतीवरचं चित्र आठशे वर्षांचं, मग विक्रमी पाऊस म्हणजे कुणाच्या आठवणीतला विक्रम?

हवामानबदलावरचा चित्रपट म्हणून मात्र तो बघू नये. त्या बाजूने तो फार कच्चा आहे. कुणी काय जाळलं, कुणी किती कमावलं याचा शब्दही नाही, आणि आजीचं समाधान जास्त ताणलं तर ‘होतंय ते होऊ द्या’ या टोकाला जातं. माझं आणि भाचीचं यावरून वाजतं. ती पंधरा वर्षांची, म्हणजे हिनाएवढी. तिचं म्हणणं, मोठ्यांनी बिघडवलेलं आभाळ दुरुस्त करायला एका मुलीनेच का मरायचं? मी म्हणते, बुडालेल्या वस्तीत कोण राहत होतं ते तरी दाखवायचं, सगळ्यांनाच काही उंच इमारतीत जागा मिळत नाही. दोघींचंही चित्रपटात सापडतं. डिस्क पुन्हा लावली जाते त्याचं अर्धं श्रेय या भांडणाला.

घेणाऱ्यांसाठी थोडं. आवाज जपानीच ठेवा आणि सबटायटल्स लावा. इंग्रजी आवाजात सुगासाठी ली पेस आहे आणि तो चांगला आहे, पण होदाकाची आभाळातली आरोळी मूळ कोतारो दाइगोचीच ऐकावी. हेडफोन किंवा बरे स्पीकर असतील तर पावसाचे थर वेगळे ऐकू येतात. टीव्हीच्या स्पीकरवर नुसती खरखर होते. लहान मुलांसोबत बघणार असाल तर दोन गोष्टी माहीत असू द्या: रस्त्यावर मुलींना बारच्या कामाला ओढणारे दलाल दिसतात, आणि तिघं मुलं वादळी रात्री जिथे राहतात ते हॉटेल नेमकं कसलं हे विचारलं जाणारच. प्रसंग स्वतः निरागस आहे, नुसता खाण्याचा आणि गाण्याचा धुमाकूळ. घाईत असाल तर स्कूटरचा पाठलाग पुढे पळवा, काही बिघडत नाही. यामानोते या रेल्वेमार्गाच्या रुळांवरून होदाका धावायला लागला की पळवणं थांबवा.

पाचपैकी साडेतीन. त्यातले तीन पावसाचे.