'थिएट्रिदम फायनल बार लाईन': अनेक महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव आणि पुढच्या गेममधील कथेविषयी अपेक्षा

निन्टेन्डो स्विच या गेमयंत्रावर हा गेम मी गेले अनेक महिने जवळजवळ रोज खेळत आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या मूळ आवृत्तीतच 'फायनल फँटसी' या जपानी साहसी गेममालिकेतील ३८५ संगीतरचना आहेत. बटण दाबणे, ते धरून ठेवणे आणि स्टिक ठरावीक दिशेला वळवणे एवढ्या तीनच क्रियांवर सारे उभे असूनही तालाचा खेळ म्हणून त्याचा मला अजून कंटाळा आलेला नाही.

कथेची भूक मात्र भागत नाही. 'सिरीज क्वेस्ट' विभागात चावीने एकेक मूळ गेम उघडायचा, चार पात्रांचा चमू निवडायचा आणि त्या गेममधील रचना ओळीने पार करायच्या, अशी मांडणी आहे. प्रसंगप्रधान रचनांमागे मूळ गेममधील दृश्ये सरकतात. ज्यांनी ते गेम खेळले आहेत त्यांचा कंठ दाटून येतो, पण नव्या खेळाडूला कोण कोणासाठी रडत आहे हेही कळत नाही. ठोका चुकला तर चमूची शक्ती घटते आणि ती संपली की रचना तिथेच थांबते, कथेला मात्र त्याचा धक्का लागत नाही.

पुढच्या गेममध्ये कथा खेळाडूच्या हातांतून घडावी, असे मला मनापासून वाटते. २०१५ च्या 'पर्सोना ४ डान्सिंग ऑल नाईट' या तालाच्याच गेममध्ये सविस्तर कथा आहे, परंतु तिचा मोठा भाग संवाद वाचण्यात जातो आणि नृत्य अधूनमधून येते. त्याउलट २००६ च्या 'एलिट बीट एजंट्स' या तालाच्या गेममध्ये गाण्याचे टप्पे पाडलेले असून प्रत्येक टप्प्यातील कामगिरीनुसार पुढचे दृश्य आनंदाचे की संकटाचे हे ठरते. वडील गमावलेल्या लहान मुलीची त्यातील नाताळची कथा खेळताना एकही ठोका निसटू नये म्हणून जीव कासावीस होतो, कारण त्या ठोक्यांवर तिचे सांत्वन अवलंबून असते.

हीच वाट पुढे नेता येईल. चमूतील प्रत्येक पात्राला एक वाद्य द्यावे. पात्र कोसळले की ते वाद्य रचनेतून गळावे आणि पुढच्या टप्प्यात खेळाडू सावरला की परतावे, म्हणजे हार झाली तरी कथा थांबणार नाही, ती वेगळ्या वाटेने जाईल. शोकाच्या प्रसंगी ठोके विरळ असावेत. तबल्यावरील तीनतालात 'खाली' या टाळीविना मोजल्या जाणाऱ्या विभागात डग्ग्याचा घुमारा ओसरतो आणि त्या रिकामेपणातूनच सम, म्हणजे आवर्तनाचा पहिला ठोका, जवळ येत असल्याचे कानाला कळते. तसे मौन पडद्यावरही खेळता आले पाहिजे.

मात्र दोन अटी आवश्यक आहेत. 'बेसिक' या सर्वांत सोप्या पातळीवर खेळणाऱ्यालाही संपूर्ण कथा मिळावी. शिवाय टीव्हीवर चित्र आणि आवाज किंचित उशिरा पोहोचत असल्याने कथा सुरू होण्यापूर्वीच गेमने वेळेची जुळणी करून घ्यावी, अन्यथा यंत्राच्या विलंबामुळे एखाद्या पात्राचा बळी जाईल.