दुसऱ्या बाजूची शेवटची नऊ मिनिटं: ‘द कार्स’ची पहिली रेकॉर्ड, आठ महिन्यांनंतर

‘द कार्स’ बँडच्या पहिल्या अल्बमची रेकॉर्ड शेवटच्या दोन गाण्यांत खरखरते, अशी तक्रार मी टर्नटेबलच्या (रेकॉर्ड प्लेअरच्या) दुकानाकडे करत होते. गेल्या आठवड्यात त्यांचं शेवटचं उत्तर आलं. ‘आतल्या खाचांमध्ये आवाज थोडा फाटणारच, सगळ्याच रेकॉर्ड्सवर फाटतो.’ आतल्या खाचा म्हणजे मधल्या लेबलजवळच्या, बाजू संपत येते तिथल्या. आठ महिन्यांत हे तिसऱ्यांदा ऐकलं. ते अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यापायी माझे पैसे आणि कितीतरी संध्याकाळी गेल्या, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

अल्बमची ओळख करून देत बसत नाही, इथल्या बहुतेकांचा तो पाठ असेल. मी बॉस्टनजवळ वॉल्थमला राहते, म्हणजे ‘द कार्स’ हा आमच्या गावचाच बँड. १९७७ मध्ये ‘जस्ट व्हॉट आय नीडेड’चा कच्चा टेप बॉस्टनच्या डब्ल्यूबीसीएन रेडिओवर वाजला आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये इलेक्ट्रा या रेकॉर्ड कंपनीने अल्बम काढला. अमेरिकेत त्याला सहा वेळा प्लॅटिनम मिळालंय, म्हणजे साठ लाख प्रती. त्यामुळे इथल्या जुन्या रेकॉर्डच्या दुकानांत कव्हरवरची, पारदर्शक स्टिअरिंग धरून हसणारी ती बाई प्रत्येक खोक्यात भेटतेच. मला १९७८ ची प्रत ८ डॉलरला मिळाली. कव्हरचा एक कोपरा दुमडलेला, बाकी प्रत ठीक.

पहिली बाजू लावली आणि जागची हलले नाही. निर्माता रॉय थॉमस बेकर, म्हणजे ज्याने क्वीन या बँडसाठी आवाजांचे थरावर थर चढवले तोच. ‘गुड टाइम्स रोल’मध्ये मागचा कोरस उठतो तेव्हा ते लगेच ओळखू येतं. पण बाकी सगळं कोरडं, मोजकं. एलियट ईस्टनची गिटार आपलं काम करते आणि बाजूला होते. ग्रेग हॉक्सच्या सिंथेसायझरची छोटीशी तान येते आणि तीच दिवसभर डोक्यात राहते. फोनवर हीच गाणी शेकडो वेळा ऐकली होती, पण डेव्हिड रॉबिन्सनचा ड्रम छातीशी येऊन वाजतो हे रेकॉर्डवर पहिल्यांदा कळलं.

मग दुसरी बाजू. ‘यू आर ऑल आय हॅव गॉट टुनाइट’ उत्तम. ‘बाय बाय लव्ह’ बरं. ते न थांबता ‘मूव्हिंग इन स्टिरिओ’त शिरतं, आणि तिथून आवाज खरखरीत व्हायला लागला. ‘स’ आणि ‘श’ फुटत होते, विशेषतः उजव्या स्पीकरमध्ये. ज्या गाण्याची सगळी गंमत आवाज या कानातून त्या कानात सरकण्यात आहे, त्याची एक बाजू घसा बसल्यासारखी. पुढे ‘ऑल मिक्स्ड अप’, आणि त्याच्या अगदी शेवटी हॉक्सचा सॅक्सोफोन. तो तर पत्र्यावर वाजवल्यासारखा आला.

नऊ मिनिटांसाठी एवढं मनाला लावून घ्यायचं का, असं घरातही विचारून झालं. माझं उत्तर असं: बँडमध्ये गायक दोन, रिक ओकासेक आणि बेंजामिन ऑर. ऑर या अल्बममध्ये चार गाणी गातो. त्यातली तीन दुसऱ्या बाजूला ओळीने शेवटपर्यंत आहेत. ऑर २००० साली गेला. मला ही रेकॉर्ड हवी होती ती रिक ओकासेकच्या गाण्यांइतकीच ऑरच्या आवाजासाठी, आणि नेमका तोच खराब होत होता.

जुनी प्रत झिजली असेल असं वाटून २८ डॉलर घालून नवी, १८० ग्रॅमची जाड प्रत मागवली. तीही तिथेच फाटली. तेव्हा मी एका मैत्रिणीला तावातावाने लिहिलं होतं की नव्या प्रती घेऊ नकोस, पैसे पाण्यात जातात. ते मत आज मागे घेते, का ते पुढे सांगते.

टर्नटेबल ज्या दुकानातून घेतलं त्यांनी कार्ट्रिज (सुई ज्यात असते तो भाग) बसवून देण्याचे ४० डॉलर वेगळे घेतले होते. त्यांच्याकडे गेले तर म्हणाले, सुई बदला, महागातली, बारीक टोकाची मायक्रोलिनिअर घ्या. म्हणजे आणखी दीड-पावणेदोनशे डॉलर. टर्नटेबलच मुळात अडीचशेचं! बसवलेलं एकदा तपासून द्या म्हटलं, तर त्याचे परत पैसे पडतील. मी तशीच घरी आले आणि महिनाभर फक्त पहिली बाजू ऐकत राहिले.

मार्ग काढला फ्रेमिंगहॅमच्या एका काकांनी. गणपतीत जेवणाच्या रांगेत ओळख झाली. त्यांचं सगळं आयुष्य मापाच्या यंत्रांवर गेलंय. मी रेकॉर्डबद्दल कुरकुर केली तर म्हणाले, “अगं, आधी सुई कशी बसलीय ते बघ, मग रेकॉर्डला नावं ठेव.” पुढच्या रविवारी घरी आले ते सुई जुळवायच्या खुणा छापलेला एक कागद, भिंग आणि छोटा वजनकाटा घेऊन.

काकांनी समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. रेकॉर्ड एकाच गतीने फिरते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच सरकते आणि अगदी आत, लेबलजवळ, फक्त २१. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोरलेला. त्यामुळे सुई जराही तिरकी असली तर बाहेर ते खपून जातं, आत खपत नाही. दुकानाचं अर्धं सत्य ते हे. दुसरं असं की टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, एका टोकाला अडकवलेला असतो, तो कमानीत फिरतो, आणि खाच कोरणारी सुई मात्र सरळ रेषेत गेलेली असते. म्हणून आपली सुई पूर्ण रेकॉर्डवर फक्त दोनच जागी खाचेला अगदी सरळ असते. काकांच्या कागदावर त्या जागा केंद्रापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर होत्या. ६६ म्हणजे जवळजवळ माझा सॅक्सोफोन वाजतो तिथेच. कार्ट्रिज नीट बसवलं असेल तर शेवटचं गाणं उलट चांगलं वाजायला हवं.

माझं कार्ट्रिज ३ मिलिमीटर मागे बसवलेलं होतं, शिवाय थोडं पिळलेलं. आणि अँटिस्केटिंगची चकती शून्यावर. फिरत्या रेकॉर्डवर टोनआर्म आपोआप आत ओढला जातो, त्याला बाहेर खेचायला ती चकती असते. ती शून्यावर असली की सुई खाचेच्या आतल्या भिंतीवर रेलते आणि बाहेरची भिंत तिच्या हातून निसटते. डावा आवाज आतल्या भिंतीवर असतो, उजवा बाहेरच्या. म्हणून उजवीकडे खरखर! सुईचं खाचेवरचं वजन तेवढं बरोबर होतं, २ ग्रॅम. हे सगळं बघायला काकांना पाच मिनिटं लागली. ४० डॉलर घेणाऱ्याने ती पाच मिनिटं दिली नव्हती, याचा मला अजून राग आहे.

तो कागद इंटरनेटवर फुकट मिळतो. फक्त छापताना १०० टक्के मापात छापा आणि फूटपट्टीने मोजून घ्या. मी नंतर स्वतः छापला तेव्हा प्रिंटरने पानात बसवायला लहान केला होता, त्यावर जुळवलं असतं तर पुन्हा घोळ झाला असता. दोन बारीक स्क्रू सैल करायचे, कार्ट्रिज पुढे-मागे सरकवायचं, भिंगातून बघत पुन्हा आवळायचं. पहिल्यांदा तासभर लागतो. सुईचं टोपण लावूनच स्क्रूला हात घाला.

आता निकाल. सगळं जुळवल्यावर नवी प्रत शेवटपर्यंत स्वच्छ वाजली. ‘मूव्हिंग इन स्टिरिओ’ दोन्हीकडे सारखं फिरलं, ऑरचा ‘स’ कुठेही फुटला नाही. सॅक्सोफोन संपेपर्यंत काका आणि मी गप्प बसून होतो. म्हणजे २८ डॉलर वाया गेले नव्हते. मैत्रिणीला त्याच रात्री कळवलं.

मग ८ डॉलरची जुनी प्रत लावली. तिथे सुधारणा झाली, पण उजवीकडची थोडी खरखर राहिली. काका म्हणाले, आधीच्या मालकाच्या सुईने ती भिंत घासून टाकली आहे, आता काही करता येणार नाही. त्याच प्रतीची पहिली बाजू मात्र माझ्या कानांना नव्या प्रतीपेक्षा जास्त आवडते. ड्रम अधिक जवळ, गिटारला अधिक धार. पुन्हा पुन्हा अदलाबदल करून ऐकलं, मत बदललं नाही.

पहिल्यांदा घेणाऱ्यांनी जुन्या प्रतीचा शेवट दुकानातच ऐकून घ्यावा. दुकानदार हमखास पहिलं गाणं लावून दाखवतो. दुसऱ्या बाजूचं शेवटचं लावायला सांगा. तिथे सॅक्सोफोन स्वच्छ असेल तर १५ डॉलरपर्यंत द्या, नसेल तर ८ सुद्धा जास्त आहेत. आणि खरखर ऐकू आली म्हणून लगेच महागडी सुई घेऊ नका. माझी मूळचीच आहे.

मी आता दोन्ही प्रती एकाच जागी ठेवते. पहिली बाजू १९७८ ची लावते. ‘डोन्ट चा स्टॉप’ संपलं की उठते, ती काढून नव्या प्रतीची दुसरी बाजू लावते. कालही तसंच ऐकलं.