प्रोमिथियस की डेटाडॉग?

सर्व्हरवर नजर ठेवायला प्रोमिथियस हे ओपन सोर्स टूल स्वतः उभं करायचं की डेटाडॉग या तयार ऑनलाइन सेवेला पैसे मोजायचे? प्रोमिथियस 2012 मध्ये साउंडक्लाउड कंपनीत सुरू झालं आणि 2016 मध्ये कुबरनेटिस या कंटेनर चालवणाऱ्या प्रणालीपाठोपाठ सीएनसीएफ या ओपन सोर्स प्रकल्प सांभाळणाऱ्या संस्थेत आलं. लायसन्सचा खर्च शून्य. पण डिस्क, बॅकअप, अपग्रेड सगळं आपल्याच गळ्यात. शिवाय सेटिंग न बदलल्यास ते 15 दिवसांचाच डेटा ठेवतं. वर्षभराचा हवा असेल तर बहुतेक टीम थॅनोस किंवा मिमिर ही जास्त काळ डेटा साठवणारी टूल्स जोडतात, म्हणजे सांभाळायला आणखी एक सिस्टीम.

डेटाडॉगचा एजंट (सर्व्हरवरून माहिती पाठवणारा छोटा प्रोग्रॅम) टाकला की डॅशबोर्ड लगेच दिसू लागतात. लॉग आणि ट्रेसही (एखाद्या रिक्वेस्टचा सिस्टीममधला प्रवास) तिथेच. बिल मात्र होस्टमागे, शिवाय ठरावीक मर्यादेपुढच्या कस्टम मेट्रिक्सचे (आपण स्वतः ठरवलेल्या मोजमापांचे) पैसे वेगळे. खरी मेख लेबलांत, म्हणजे प्रत्येक मोजमापाला जोडलेल्या टॅगांत आहे. कुणी लेबलमध्ये युजर आयडी घातला, की प्रत्येक युजरची वेगळी टाइम सिरीज (वेळेनुसार नोंदींची मालिका) तयार होते: डेटाडॉगमध्ये बिल फुगतं, प्रोमिथियसमध्ये मेमरी संपून सर्व्हरच बसतो.

रात्री-अपरात्री उठून प्रोमिथियस सांभाळणारा माणूस नसेल, तर छोट्या टीमने सरळ डेटाडॉग घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. कोडमध्ये मात्र ओपनटेलिमेट्री हे मोजमापं गोळा करण्याचं, कुठल्याही एका टूलशी न बांधलेलं खुलं मानकच वापरा, एआय मॉडेलला जाणाऱ्या कॉलसाठीसुद्धा. उद्या टूल बदललं तरी तो कोड पुन्हा लिहावा लागत नाही.