चार्टर शाळेत मुलीला घातल्यानंतर: चँडलर, ॲरिझोना येथील एका पालकाचा अनुभव

चँडलर-गिल्बर्ट परिसरातील मराठी कुटुंबांमध्ये पाचवी-सहावीच्या मुलांचा विषय निघाला की ‘चार्टरला नंबर लागला का?’ हा प्रश्न ठरलेलाच असतो. आमच्या मुलीचा सहावीसाठी नंबर लागला, आणि जुलैअखेर शाळा सुरू झाल्यापासून मार्चमधील सुट्टीपर्यंत जे पाहिले ते येथे नोंदवत आहे. शाळेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण तक्रारींचा बराचसा भाग त्या एका शाळेचा नसून तिच्यामागच्या व्यवस्थेचा आहे.

भारतातील नातेवाइकांना ही खासगी शाळा वाटते, पण तसे नाही. चार्टर शाळा सरकारी पैशावर चालते, तिला शिक्षणशुल्क घेता येत नाही आणि जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत काढावी लागते. मात्र ती चालवणारी संस्था खासगी असते आणि राज्याशी केलेल्या करारावर उभी असते. असा पहिला कायदा १९९१ मध्ये मिनेसोटाने केला, ॲरिझोनाने १९९४ मध्ये. आज या राज्यातील सार्वजनिक शाळांत शिकणाऱ्या साधारण पाच मुलांपैकी एक मूल चार्टर शाळेत आहे. आपल्याकडच्या अनुदानित शाळेशी तिचे थोडे साम्य आहे, पण तिथे शिक्षकांच्या सेवाशर्तींपासून पटपडताळणीपर्यंत शिक्षणाधिकाऱ्यांचा जो हात असतो, तसा इथे जवळजवळ नसतो.

गणिताबद्दल माझी काहीही तक्रार नाही. मुलगी वयाच्या मानाने एक इयत्ता पुढचे गणित करते, कॅल्क्युलेटरला हात लावू दिला जात नाही, आणि उत्तर बरोबर असूनही मधली पायरी गाळली म्हणून वहीत लाल रेघ येते, हे मला मनापासून आवडले. स्टॅनफर्डच्या क्रेडो या संशोधन केंद्राने २०२३ मध्ये काढलेल्या देशव्यापी अहवालात चार्टर शाळांतील मुले नेहमीच्या सरकारी शाळांतील तशाच मुलांच्या तुलनेत वाचनात सरासरी १६ दिवसांच्या आणि गणितात ६ दिवसांच्या शिक्षणाइतकी पुढे असल्याचे म्हटले आहे. सरासरी एवढीच असेल, तर ‘चार्टर म्हणजे उत्तमच’ हा आपल्या लोकांचा ठाम समज कुठून आला हे मला अजून उमगलेले नाही. विशिष्ट शाळा चांगली असते. पाटीवर चार्टर लिहिल्याने ती चांगली होत नाही.

त्रास सुरू झाला तो विज्ञानाच्या तासापासून. दिवाळीच्या सुमारास विज्ञानाच्या बाई सोडून गेल्या आणि आम्हाला दोन ओळींचे ईमेल आले. त्यानंतर कित्येक आठवडे बदली शिक्षक येत राहिले. मुलीच्या वहीत त्या काळात प्रयोगाची एकही आकृती नाही, फक्त छापील कागद चिकटवलेले आहेत, आणि त्यांतील दोन कागद तर चक्क एकच आहेत. ॲरिझोनात चार्टर शाळेच्या शिक्षकाला राज्याचे प्रमाणपत्र लागत नाही. ती अट नसण्याला माझा आक्षेप नाही, कारण निवृत्त अभियंता भौतिकशास्त्र उत्तम शिकवू शकतो. आक्षेप आहे तो वर्षाच्या मध्यात माणूस का टिकला नाही, हे विचारल्यावर ‘ही कर्मचारीविषयक बाब आहे’ एवढेच उत्तर मिळण्याला.

बस नाही, कारण चार्टर शाळेवर ती पुरवण्याचे बंधन नाही. त्यामुळे दुपारी पालकांच्या गाड्यांची रांग शेजारच्या रस्त्यापर्यंत जाते, आणि ऑगस्टमध्ये पारा ११० फॅरनहाइटवर असताना एसी चालू ठेवून, आरशाला मुलीच्या नंबराचा पुठ्ठा अडकवून, आपण इंच इंच पुढे सरकत राहतो. उपाहारगृहही नाही, म्हणून रोज डबा, आणि मायक्रोवेव्ह नसल्याने पोळीभाजीही गारच खावी लागते. नोकरी करणाऱ्या दोघांनी हे आधी हिशेबात धरावे.

पैशाचे म्हणाल तर, फी नाही आणि देणगी ऐच्छिक आहे. पण ती ‘ऐच्छिक’ आहे याची आठवण इतक्या वेळा येते की आपण पुण्यातल्या प्रवेशाच्या रांगेत तर नाही ना, असे वाटते. अर्थात शाळेचीही एक बाजू आहे. डिस्ट्रिक्टला, म्हणजे परिसरातील नेहमीच्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेला, मतदारांच्या संमतीने रोखे काढता येतात आणि मालमत्ता कर वाढवता येतो, चार्टरला नाही. अभ्यासेतर उपक्रमांसाठी दिलेल्या रकमेपैकी पती-पत्नी मिळून ४०० डॉलरपर्यंत राज्याच्या आयकरातून थेट वजा होतात, एवढी सोय पालकांनी अवश्य घ्यावी.

मात्र या सगळ्यापेक्षा जाच कशाचा झाला असेल, तर दाद कुणाकडे मागायची याचा. डिस्ट्रिक्टच्या शाळामंडळाचे सदस्य निवडून येतात. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या आम्हाला मत नाहीच, पण शेजाऱ्यांना आहे, आणि पुढच्या निवडणुकीची आठवण असलेला माणूस ऐकून तरी घेतो. चार्टरचे नियामक मंडळ मात्र नेमलेले असते. त्याच्या सभेला खुल्या सभांचा कायदा लागू आहे, म्हणून कार्यक्रमपत्रिका २४ तास आधी लावली जाते. मी ऑनलाइन सभेला बसलो, लोकांच्या निवेदनाच्या वेळेत विज्ञानाचा विषय मांडला, आणि पत्रिकेवर नसलेल्या विषयावर सदस्यांना चर्चा करता येत नाही असे सांगून अध्यक्षांनी आभार मानले. नियमाने ते बरोबरच होते. पुढच्या महिन्यात तो विषय पत्रिकेवर आलाच नाही. राज्याचे चार्टर मंडळ कायद्याचा किंवा कराराचा भंग झाला असेल तर लक्ष घालते, आणि विज्ञानाचे शिक्षक नसणे हा भंग ठरत नाही. करार १५ वर्षांचा असतो आणि त्याचा आढावा दर पाच वर्षांनी होतो. तोवर मुलगी शाळा संपवून बाहेर पडलेली असेल. शेवटी प्रत्येक पत्राचा सूर एकच असतो: ही शाळा तुम्ही निवडली आहे, पटत नसेल तर दुसरी निवडा.

हा सूर सर्वांत जास्त टोचला तो आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला, ज्यांच्या मुलाला वाचनात अडचण आहे. विशेष शिक्षणाचा संघीय कायदा चार्टरलाही तितकाच बंधनकारक आहे, तरी ‘त्याच्यासाठी ही योग्य जागा आहे का, याचा विचार करा’ असे त्यांना बैठकीत सांगण्यात आले. इथे राज्याचा निधी वर्षाच्या पहिल्या शंभर दिवसांच्या सरासरी पटावर ठरतो. त्यानंतर मूल गेले तरी त्या वर्षाचा पैसा कमी होत नाही. हे बोलणे फेब्रुवारीत झाले. हेतू सिद्ध करता येत नाही, पण पालकांनी संशय घेतला तर त्यांना दोष कसा द्यावा?

आम्ही हे वर्ष पूर्ण करून सातवीला मुलीला घराजवळच्या डिस्ट्रिक्टच्या शाळेत घालणार आहोत. हद्दीत राहणाऱ्याला तिथे प्रवेश नाकारता येत नाही. ज्यांचे मूल अभ्यासात स्वतःहून पुढे आहे, घरी एक पालक दुपारी मोकळा आहे आणि ज्यांना कधी तक्रार करावी लागणार नाही अशी खात्री आहे, त्यांनी चार्टर खुशाल निवडावी. शाळा पाहायला जाल तेव्हा परीक्षांच्या निकालांचे फलक दाखवले जातील. त्याऐवजी गेल्या वर्षी किती शिक्षक मध्येच सोडून गेले, सहावीत आलेल्यांपैकी किती मुले आठवीपर्यंत टिकली आणि नियामक मंडळावर एखादा पालक आहे का, हे मुख्याध्यापकांना समोरासमोर विचारा, आणि उत्तर ईमेलवर लेखी मागून घ्या.